झांझिबार: बीच सोडून काय पाहावं?

घाटावरची
ऑगस्टमध्ये झांझिबारला अडीच दिवस मिळतायत, गुरुवार दुपार ते शनिवार रात्र. मुक्काम स्टोन टाउनमध्येच, म्हणजे तिथल्या जुन्या शहरात. पोहणं, स्नॉर्केलिंग, डॉल्फिन यातलं काहीही नको. सुलतानांचे वाडे, गुलामांच्या बाजाराची जागा, जुन्या मशिदी, नक्षीचे दरवाजे एवढंच बघायचंय. नेटवरच्या याद्या म्हणजे एकमेकींच्या झेरॉक्स. तेव्हा जाणकारांना प्रश्न:
१. हाउस ऑफ वंडर्स आतून बघता येतं का?
२. शहराबाहेरच्या अवशेषांपैकी कुठले खरंच जाण्यासारखे?
३. गाइड घ्यावा का?
४. आणि अर्थातच, शाकाहारी माणसाचं काय?

नाखवा
पहिल्याचं उत्तर आधी. हाउस ऑफ वंडर्स (बैत अल्-अजैब) आतून बघायचा विचार सोडून द्या. डागडुजी चालू असतानाच २५ डिसेंबर २०२० ला इमारतीचा दर्शनी भाग कोसळला, दोन कामगार गेले. फोरोधानी बागेतून बाहेरूनच बघायचं. झांझिबारचा ओमानी सुलतान बरगश याने १८८३ मध्ये बांधलेला हा समारंभाचा वाडा. ओतीव लोखंडाचे खांब, चहूबाजूंनी व्हरांडे. बेटावर वीज पहिल्यांदा इथे आली, लिफ्टही. नाव त्यावरूनच पडलं.

मराठी वाचकांसाठी एक धागा: गादीवर येण्याआधी भावाविरुद्ध बंड फसल्यावर ब्रिटिशांनी बरगशला मुंबईला पाठवून दिलं होतं. १८५९ ते ६१ तो मुंबईत होता. पुढे १८७० मध्ये सुलतान झाल्यावर त्याने शहरात नळाचं पाणी आणलं.

शेजारचा पॅलेस म्युझियम (बैत अल्-साहेल) हाही दुरुस्तीसाठी बंद असतो. आदल्या दिवशी हॉटेलात विचारा, वेबसाइटवरच्या वेळांवर जाऊ नका.

तिरकस
जगातलं सगळ्यात छोटं युद्ध इथेच झालं ना? २७ ऑगस्ट १८९६, सुमारे ३८ मिनिटं. आमच्याकडे मंगलाष्टकं याहून जास्त चालतात.

नाखवा
@तिरकस, हो, तेच. आणि ते वाड्याच्या दर्शनी भागावर वाचता येतं, म्हणून थोडं अवांतर. सुलतान हमद वारल्यावर खालिद बिन बरगश परस्पर गादीवर बसला. सकाळी नऊपर्यंत वाडा सोडा असा ब्रिटिशांचा निरोप होता. नऊ वाजून गेल्यावर बंदरातल्या जहाजांनी तोफा डागल्या. सुलतानाचं 'ग्लासगो' हे जहाज बुडालं, खालिद जर्मन वकिलातीत पळाला, सुलतानाच्या बाजूची सुमारे पाचशे माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यामुळे मिनिटांवर विनोद किती करायचे ते हे बघून ठरवा.

हाउस ऑफ वंडर्स आणि बैत अल्-साहेल यांच्या मधला वाडा जमीनदोस्त झाला, हाउस ऑफ वंडर्ससमोरचा दीपस्तंभही. त्याच्या बदल्यात १८९७ मध्ये इमारतीलाच घड्याळाचा मनोरा जोडला. जुन्या फोटोंत मनोरा वेगळा उभा दिसतो आणि नव्यांत इमारतीवर दिसतो, त्याचं कारण हे.

चुनखडी
वाडे बंद असले तरी स्टोन टाउन बंद नाही. या गावात बघायचं ते भिंती आणि दरवाजे, आणि त्याला तिकीट नाही.

भिंत कशी आहे ते समजून घ्या, मग गल्ल्या वेगळ्या दिसतील. दगड म्हणजे जमिनीखालचा जुना प्रवाळ, ओबडधोबड आणि सच्छिद्र. प्रवाळच लाकडांच्या ढिगावर जाळून चुना करायचा. त्यात वाळू आणि लाल माती कालवून दगड बसवायचे. भिंत अर्ध्या मीटरहून जाड. तक्तपोशीला खारफुटीचे वासे, स्थानिक नाव बोरिती. वासा सरळ मिळतो तो साधारण अडीच-तीन मीटरच. म्हणून घर कितीही श्रीमंताचं असो, खोल्या लांबच लांब आणि अरुंद. रुंदी मालकाच्या ऐपतीवर नाही, वाशाच्या लांबीवर ठरायची. कुठल्याही जुन्या हॉटेलच्या खोलीत मान वर केलीत की हे दिसेल.

वरती मूळचं छप्पर आपल्या माळवदासारखं सपाट, चुन्याचा कोबा घातलेलं. पावसात गळायचं म्हणून पुढे त्यावर पत्रे चढले.

कोकम_सरबत
पडझड इतकी का मग? आपल्याकडचे वाडे दोनशे वर्षं उभे आहेत घाणीच्या चुन्यावर.

चुनखडी
@कोकम_सरबत, तीन कारणं.

एक, पाणी. छपराचा पन्हळ फुटला की पाणी भिंतीच्या पोटात शिरतं. वाशाचं टोक भिंतीत गाडलेलं असतं, ते आधी कुजतं, बाहेरून काही कळत नाही. एक दिवस अख्खा मजला खाली.

दोन, सिमेंट. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल कोंडते, क्षार फुगतात, सहा महिन्यांत पोपडे. मग लोक आणखी सिमेंट मारतात. पोपडा उचकटलेला दिसला तर बोटाने बघा: सिमेंटचा कडक पापुद्रा आणि आतून भुसभुशीत पीठ झालेला चुना.

तीन, १२ जानेवारी १९६४ ची क्रांती. अरब आणि भारतीय मालक मोठ्या संख्येने गेले, घरं सरकारजमा झाली, एकेका वाड्यात अनेक भाडेकरू आले, आणि डागडुजी कुणाचीच नाही. संवर्धनासाठी वेगळी यंत्रणा १९८५ ला उभी राहिली, युनेस्कोच्या यादीत गाव २००० मध्ये आलं.

नीट दुरुस्त केलेलं बघायचं असेल तर बंदराच्या रस्त्यावरचा जुना दवाखाना. थारिया तोपन या कच्छी खोजा व्यापाऱ्याने राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या पन्नाशीनिमित्त १८८७ मध्ये पाया घातला. तो १८९१ ला वारला, इमारत १८९४ ला पुरी झाली. लाकडी कोरीव सज्जे, रंगीत काचा, आत चौक. काठेवाडातली हवेली उचलून समुद्राकाठी ठेवल्यासारखी. आगाखान ट्रस्टने तिचं काम केलंय.

पानसुपारी
दरवाज्यांबद्दल लिहितो, कारण गाइड इथे सर्रास थापा मारतात.

चौकट वरून सरळ असेल तर जुनी अरबी पद्धत. वर कमान असेल तर भारतीय वळण, बहुतेक १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातलं. तिसरा प्रकार म्हणजे अनेक घड्यांच्या फळ्यांचा गुजराती दुकानाचा दरवाजा, बाजाराच्या गल्ल्यांत दिसतो. दोन फळ्यांच्या मधे कोरलेला उभा दांडा असतो, तो डाव्या फळीला जोडलेला. आधी उजवी फळी उघडते.

पितळी टोकदार खिळे भारतातून आलेली पद्धत. तिथे हत्ती दार फोडतील म्हणून, इथे नुसती श्रीमंती, बेटावर हत्ती कुठले. नक्षीत खाली मासे किंवा लाटा, बाजूला कमळ, खजूर, आणि चौकटीच्या कडेने साखळी. साखळी दिसली की 'हा गुलामांचा व्यापारी' असं ठोकून देतात. तीच साखळी साध्यासुध्या घरांनाही आहे, एवढ्यावरून कुणाला आरोपी करू नका.

आता गंमत. वरच्या पट्टीवर पुष्कळदा हिजरी साल कोरलेलं असतं. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि पाच म्हणजे आपल्या शून्यासारखं गोल. हे ठाऊक नसेल तर सगळंच चुकतं. साल वाचलंत की ०.९७ ने गुणा, ६२२ मिळवा. १३०० असेल तर १२६१ अधिक ६२२, म्हणजे १८८३. एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

उजेड तिरका हवा. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. भर दुपारी नक्षी सपाट दिसते.

तिरकस
मराठी माणूस सुट्टीत गुणाकार करणार. वाचनखूण साठवली.

टांगेवाला
गाइडचं: पहिल्या दिवशी दोन तास घ्या, नंतर नको. गल्ल्या गाडी न जाणाऱ्या आणि नागमोडी, फोनवरचा निळा ठिपका उंच भिंतींत उड्या मारतो. पण गाव लहान आहे. हरवलात तर एकाच दिशेने चालत राहा, दहा-पंधरा मिनिटांत समुद्र, क्रीक रोड किंवा दाराजानी बाजार यातलं काहीतरी लागतंच.

बोटीच्या धक्क्यावर आणि फोरोधानीत मागे लागणाऱ्या फिरत्या दलालांना 'पपासी' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ गोचीड, यातच सगळं आलं. ओळखपत्र असलेला गाइड हॉटेलातून किंवा टूरच्या कचेरीतून ठरवा. किती तास, किती ठिकाणं, तिकिटं धरून की सोडून, हे तिन्ही निघण्याआधी बोला. 'नंतर बघू' म्हटलात की संपलं.

जुना किल्ला (न्गोमे कोंग्वे) गाइडशिवाय बघा. १६९८ मध्ये पोर्तुगीजांना घालवल्यावर ओमानींनी त्यांच्या चर्चच्या जागी बांधला. आत शिरायला पैसे नाहीत, दुकानं आहेत, बसायला सावली आहे. अर्धा तास पुरे.

घाटावरची
सगळ्यांना धन्यवाद, इतकं सविस्तर अपेक्षित नव्हतं. गुलामांच्या बाजाराबद्दल कुणी सांगेल का? तळघरातल्या कोठड्यांचे फोटो सगळीकडे दिसतात.

बखर
ते जपून. जागा खरी, कोठड्या वादग्रस्त.

बाजार बरगशने ब्रिटिशांच्या दबावाखाली जून १८७३ मध्ये बंद केला. त्याच वर्षी नाताळात त्याच जागेवर अँग्लिकन चर्चचा पाया घातला. बिशप एडवर्ड स्टीअर यांनी ते उभं केलं. वेदीपाशी फरशीत पांढऱ्या संगमरवराचं वर्तुळ आहे, फटक्यांचा खांब तिथे होता असं मानतात. छत म्हणजे प्रवाळाची खडी आणि पोर्टलँड सिमेंटची अखंड कमान, मधे एकही तुळई नाही. मागच्या बाजूचे काही खांब उलटे बसवलेत, बिशप बाहेरगावी असताना गवंड्यांनी घोळ घातला असं सांगतात. खालचा भाग वर आहे का ते स्वतः ताडून पाहा. डावीकडच्या खांबावरचा लाकडी क्रूस झांबियातल्या चितांबोच्या झाडाचा, ज्याखाली मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनचं काळीज पुरलं होतं.

आता कोठड्या. त्या शेजारच्या सेंट मोनिका या मिशनच्या इमारतीखाली आहेत. ती इमारत मिशनने बांधली, म्हणजे बाजार बंद झाल्यानंतर. तेव्हा तिच्या तळघरात विक्रीआधी गुलाम कोंडत होते हे कसं जमायचं? अभ्यासकांचा कल ती मिशनच्या दवाखान्याची साठवणीची जागा होती असं मानण्याकडे आहे.

कोकम_सरबत
मग ती दाखवतात कशाला? पर्यटकांची फसवणूकच की.

बखर
इतकं सरळ नाही. बाजार खरा होता, माणसं खरी विकली गेली, कोठडी चुकीची असेल इतकंच. म्हणून क्रम बदला. आधी तिकिटातलंच प्रदर्शन वाचा, तासभर द्या, तेच या जागेचं सार आहे. मग बाहेर खड्ड्यातलं शिल्प: क्लारा सोर्नास या स्वीडिश शिल्पकर्तीचं, १९९८ चं. पाच जण गुडघाभर खड्ड्यात, गळ्यात लोखंडी कडी, आणि साखळी खरी, त्या काळातली. मग चर्च. कोठडी शेवटी, पाच मिनिटं. छत बुटकं आहे, कंबरेतून वाकावं लागतं. गाइड आधी कोठडीतच नेतात, कारण तिथे माणूस हेलावतो आणि टीप वाढते.

चुनखडी
@बखर, 'टीप वाढते' वर थोडी असहमती. काही गाइड हा वाद स्वतःहून सांगतात. बाकी क्रमाला अनुमोदन.

मांडवी_काठ
गोव्याचा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून. सेंट जोसेफ कॅथेड्रलचे दोन मनोरे बोटीतूनच दिसतात. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८९० च्या दशकात बांधलं, आणि इथल्या भाविकांत गोवेकर मोठ्या संख्येने होते: कारकून, शिंपी, बेकरीवाले, सुलतानाच्या बँडमधले वादक. ए. सी. गोम्स यांचा स्टुडिओ प्रसिद्ध. जुन्या झांझिबारची जी पोस्टकार्डं अजून विकली जातात, त्यातल्या कित्येकांवर खाली गोम्स हे नाव सापडेल. चर्च मनोऱ्यांवरून लांबून दिसतं, पण गल्लीत शिरलं की सापडत नाही. प्रार्थनेच्या वेळी गेलात तरच दार उघडं मिळण्याची खात्री.

तिरकस
आणि आपला पाचगणीचा विद्यार्थी राहिला की! फारुख बलसारा, उर्फ फ्रेडी मर्क्युरी, जन्म १९४६, झांझिबार.

मांडवी_काठ
@तिरकस, शांगानी भागात त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे, २०१९ पासून. फोटो आणि फलक. चाहते नसाल तर बाहेरच्या पाटीचा फोटो पुरे.

टांगेवाला
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. शहराबाहेर दोन दिशा धरा.

उत्तर: मारुहुबी, म्तोनी, किडिची, मांगापवानी. सगळं एका रस्त्याच्या आसपास, टॅक्सीने पाच तास.
मारुहुबी चारेक किलोमीटरवर. बरगशचा जनानखाना, १८९९ च्या आगीत वरचा लाकडी मजला गेला, दगडी खांबांच्या रांगा आणि हमाम (स्नानगृह) उरलेत. वीस मिनिटं.
म्तोनी हा बरगशचा बाप सुलतान सय्यद सैद याचा वाडा. त्याची मुलगी, राजकन्या सलमे, इथे १८४४ मध्ये जन्मली, १८६६ मध्ये एका जर्मन व्यापाऱ्यासाठी बेट सोडून गेली आणि १८८६ मध्ये जर्मनमध्ये आठवणी छापल्या. पडक्या भिंतीच आहेत, सलमेची गोष्ट ठाऊक असेल तरच थांबा.
किडिची मात्र चुकवू नका. सैदने १८५० मध्ये आपल्या इराणी बेगमेसाठी बांधलेला हमाम. बाहेरून पांढरे घुमट, काही विशेष वाटत नाही. आत भिंतींवर चुन्यात उठवलेली फुलं आणि मोर. ओमानी इबादी पंथाच्या घरांत असली चित्रं सापडत नाहीत, ही इराणी आवड. उठाव अगदी कमी आहे, त्यामुळे समोरून टॉर्च मारला तर काहीच दिसत नाही. टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा, मग पिसं उठून येतात.
मांगापवानीला दोन गोष्टी, आणि ड्रायव्हर एकच दाखवून परत फिरवतात. एक नैसर्गिक गुहा, आत गोड्या पाण्याचं डबकं, पायऱ्या निसरड्या, चप्पल नको बूट हवेत. दुसरी पुढे दोनेक किलोमीटरवर, प्रवाळात खोदलेली चौकोनी कोठडी. बाजार बंद झाल्यावर चोरट्या व्यापारासाठी गुलाम लपवायची ही जागा.

बखर
+१. कोठडी बघायचीच असेल तर मांगापवानीची बघा.

टांगेवाला
दक्षिण: किझिमकाझी. गावं दोन आहेत, दिंबानी आणि म्कुंगुनी. मशीद दिंबानीत. नुसतं 'किझिमकाझी' म्हटलात की ड्रायव्हर डॉल्फिनच्या बोटींपाशी सोडतो. सव्वा तास जायला. बाहेरून पत्र्याचं छप्पर, गोदाम वाटावं असं. आत मिहराबच्या (मक्केच्या दिशेच्या कोनाड्याच्या) कडेने कूफी लिपीतला कोरीव लेख, साल हिजरी ५००.

पानसुपारी
५०० गुणिले ०.९७ म्हणजे ४८५, अधिक ६२२. ११०७! आणि आकडे शोधत बसू नका, तिथे साल शब्दांत आहे.

टांगेवाला
बरोबर, ११०७. मशीद मात्र १८ व्या शतकात पुन्हा बांधलेली आहे, जुना तो लेख आणि मिहराबची भिंत. नमाज चालते, त्यामुळे राखणदाराला विचारून, अनवाणी, डोकं-खांदे-गुडघे झाकून. बाहेर देणगीची पेटी असते.

कोकम_सरबत
प्रिझन आयलंड कुणीच सुचवलं नाही?

नाखवा
कारण तुरुंगात कैदी कधी राहिलेच नाहीत. १८९३ ला बांधला, मग साथीच्या रोगांसाठी विलगीकरणाची जागा केली. बघायचं ते सेशेल्सहून १९१९ मध्ये भेट आलेल्या चार कासवांचं गोकुळ. पाठीवर वय रंगवलेलं असतं. बोट अर्धा तास. बरोबर मुलं असतील तर जरूर जा. जाताना बोट अख्खी ठरवा, माणशी दर नको, आणि सकाळी निघा, दुपारी वारा चढतो. अडीच दिवसांत मी कापलं असतं.

मांडवी_काठ
शाकाहाराचं मी सांगते. 'सिली न्यामा, वाला समाकी' पाठ करा: मांस खात नाही, मासेही नाही. नुसतं पहिलं म्हटलंत तर मासे येतात. महारागे म्हणजे नारळाच्या रसातला राजमा, म्चिचा म्हणजे आपला माठ, चपाती म्हणजे चपाती, फक्त तेलाला सढळ. उरोजो हा आंबट पिवळा रस्सा, त्यात भजी, बटाटा, कसाव्याचे काप आणि ओल्या नारळाची चटणी. वरून मांसाचे तुकडे घालतात, ते आधीच नको म्हणायचं. स्टोन टाउनमध्ये गुजराती-भारतीय खानावळी आहेतच.

चुनखडी
कागदपत्रं राहिली. टांझानियाचा ई-व्हिसा, साधा ५० डॉलर. झांझिबारचा वेगळा सक्तीचा प्रवास विमा ऑक्टोबर २०२४ पासून आहे, ४४ डॉलर, तुमचा भारतातला विमा चालत नाही. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जात असाल तर पिवळ्या तापाची लस घेऊन कार्ड जवळ ठेवा. ती निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि प्रश्न परतताना भारतातही विचारतात. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा.

घाटावरची
मग असं ठरवते:
गुरुवार दुपारी चारपासून गाइडबरोबर गल्ल्या, दरवाजे, जुना दवाखाना, किल्ला. अंधार सव्वासहा-साडेसहाला पडतो म्हणून तेवढंच.
शुक्रवारी सकाळी किझिमकाझी, दुपारी चर्च आणि प्रदर्शन.
शनिवारी उत्तर दिशा, संध्याकाळी फोरोधानी.

टांगेवाला
शुक्रवार-शनिवारची अदलाबदल करा. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज, सकाळपासूनच मशिदीत लगबग. उशीर झाला तर आत जाता येणार नाही. शुक्रवारी उत्तर आणि दुपारनंतर चर्च, शनिवारी दक्षिण. किझिमकाझीहून परतताना एक वळण घेऊन दुंगाला थांबा, ओमानींच्या आधीपासून बेटावर असलेल्या म्विन्यी म्कू या स्थानिक राजांच्या वाड्याच्या भिंती आहेत. पंधरा मिनिटं.

घाटावरची
बदललं. शुक्रवारच्या ड्रायव्हरला मेसेजही टाकला. सकाळी आठ वाजता. पुस्तकात बघून स्वाहिलीतच लिहिलं, 'साआ नाने'. :)

टांगेवाला
ताई, तो दुपारी दोनला येईल. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, सातला एक वाजतो. आठ म्हणजे 'साआ म्बिली', पुढे 'असुबुही' म्हणजे सकाळी. लगेच दुसरा मेसेज टाका.

तिरकस
यात गुणाकार नाही, सहा वजा करायचे. सोपंय.